लॉजवर चालेल असा लॅपटॉप

पतसंस्थांमध्ये हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवून देणं आणि तिथल्या माणसांना ते शिकवणं हे माझं काम. राहते लोणावळ्यात, तुंगार्लीला. काम मात्र कराड, इस्लामपूर, संगमनेर, श्रीरामपूर असं कुठंही. महिन्यातल्या निम्म्याअधिक रात्री लॉजवर जातात. आणि रात्री साडेनऊला, त्या दिवशीची तेरीज जुळलेली असो वा नसो, मी एज ऑफ एम्पायर्स खेळायला बसते. चाळिशी ओलांडलेल्या बाईनं हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत.

आमचा चौघांचा कंपू कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधला. सर जेवायला गेले की चार मशिन जोडून आम्ही गावं वसवायचो आणि एकमेकांची जाळायचो. गेम १९९९ सालचा. २०१९ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली आणि पांगलेला कंपू पुन्हा जमला. एक जण नाशिकला, एक कोथरूडला, एक मस्कतला. मस्कतचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, म्हणून आमचे साडेनऊ म्हणजे त्याचे आठ. तो ऑफिसातून येऊन चहा पीत खेळतो आणि आम्ही जांभया देत.

ऑफिसच्या लॅपटॉपवर कंपनीचं कुलूप असतं, त्यात काही बसवता येत नाही. येत असतं तरी सभासदांच्या ठेवींचे आकडे ज्यात आहेत त्यात मी गेम टाकला नसता. त्यामुळे स्वतःचा वेगळा लॅपटॉप होता, २०१७ चा. विंडोज १० चे सुरक्षेचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होते, आणि त्यातला सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नव्हता. वर बॅटरी फुगून टचपॅड उचललं गेलेलं. फुगलेली बॅटरी घेऊन गाडीत बसणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, म्हणून ती काढून टाकली आणि लॅपटॉप भिंतीला बांधला गेला. दसऱ्याच्या सुमारास नवा घ्यायचं ठरलं.

आईनं विचारलं, "अगं, सरकारनं ते ऑनलाइन गेम बंद केले ना? मग आता कशाला घेतेस?" तिचा गोंधळ खोटा नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमचा कायदा केला तेव्हा बातम्यांत सगळं एकाच पिशवीत भरलं होतं. बंदी आली ती पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर. ई-स्पोर्ट्सना उलट त्याच कायद्यानं मान्यता दिली. आईला मी एवढंच सांगितलं की यात पैसे जात नाहीत, फक्त झोप जाते.

सल्लागार म्हणून बहिणीचा मुलगा बरोबर घेतला. तो आकुर्डीला इंजिनिअरिंगला आहे, रोज लोकलनं जातो-येतो, व्हॅलोरंट खेळतो. त्याचं मत पहिल्या मिनिटाला तयार होतं. "मावशी, आरटीएक्स ४०६० च्या खाली बघूच नकोस."

मी म्हटलं, "आधी मी कुठं बसून खेळते ते बघू."

प्रवासात गेम खेळायला लॅपटॉप हवा असं म्हटलं की खिडकीशी बसून, बाहेर डोंगर पळतायत आणि आपण खेळतोय, असं काहीतरी डोळ्यांपुढं येतं. पुणे-लोणावळा लोकलमध्ये लॅपटॉप उघडून बघा. सकाळी दफ्तर मांडीवर घ्यायला जागा नसते, आणि सॉकेट तर नसतंच. दुपारच्या रिकाम्या गाडीत जागा मिळते, पण रेंजचं काय? भाचा मोबाइलवर बीजीएमआय खेळतो. तळेगावला उड्या मारत उतरलेला हा वीर कामशेत ते मळवलीच्या दरम्यान हमखास मरतो. शत्रू चांगला असतो असं नाही. गाडी पुढं जाते तसा फोन एक टॉवर सोडून दुसरा धरत राहतो, मध्येच एखादा पट्टा पोकळ लागतो. सिनेमा बघताना हे कळत नाही, कारण फोननं पुढची काही मिनिटं आधीच उतरवून ठेवलेली असतात. गेममध्ये पुढचं उतरवून ठेवणार कसं? समोरचा पुढच्या सेकंदाला काय करणार हे अजून घडलेलंच नसतं.

खंडाळ्याखाली तर विषयच संपला. १८६३ पासूनचा हा बोरघाट, सदतिसाला एक असा चढ, कर्जतहून वर येताना गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात, आणि बोगद्यामागून बोगदे. प्रत्येक बोगद्यात रेंज जाते, बाहेर आल्यावर परत येईपर्यंत पुढचा बोगदा.

कराडला जाताना मी बऱ्याचदा कोयना एक्स्प्रेस धरते. दिवसभराची गाडी, बसायला जागा असते. रेल्वेच्या डब्यातल्या चार्जिंग सॉकेटला ११० व्होल्टचा पुरवठा असतो. लॅपटॉपचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही चालवून घेतो, त्यामुळे व्होल्टची अडचण नाही. अडचण भाराची आहे. ती सॉकेटं मोबाइल आणि साध्या लॅपटॉपसाठी आहेत. गेमिंगच्या लॅपटॉपचा दोनशे-सव्वादोनशे वॉटचा अडॅप्टर तिथं लावणं हा सहप्रवाशांवर अन्याय आहे. शिवाय रात्री ११ ते पहाटे ५ ती बंद ठेवायची अशी रेल्वेची सूचना आहे. गाडीत मी झोपते किंवा पुस्तक वाचते.

तेव्हा माझं खेळणं होतं ते मुक्कामाला. तालुक्याच्या गावातला लॉज कसा असतो ते फिरतीवरच्या माणसाला सांगायला नको. पलंगाशेजारी एक सॉकेट, तेही ढिलं, प्लग तिरका दाबून धरला तरच लागणारं. दुसरं सॉकेट टीव्हीमागं. टेबल म्हणजे काचेची टीपॉय, गुडघ्याएवढी. वायफायचा पासवर्ड काउंटरवर चिकटवलेला आणि राउटर तळमजल्यावर, जिन्याखाली. नऊनंतर सगळे पाहुणे जेवून वर येतात, जो तो आपली मालिका लावतो आणि त्या बिचाऱ्या राउटरचा जीव जातो. या खोलीत जो चालेल तो माझा लॅपटॉप. बाकीची सगळी मोजमापं नंतरची.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे आणि दुकानात कोणी सांगत नाही. लॅपटॉपची बॅटरी वॉट-तासांत मोजतात. सर्वसाधारण पन्नास ते नव्वद. त्याहून फार मोठी मिळत नाही, कारण विमानात विनापरवाना १०० वॉट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येते. आता साठ वॉट-तासांची बॅटरी घ्या. प्रोसेसर, ग्राफिक कार्ड आणि पडदा मिळून शंभर वॉट खाणार असतील तर अर्ध्या तासानंतर काही उरत नाही. तेच मशिन तीस वॉटमध्ये गेम चालवत असेल तर दोन तास. आमचा एक डाव साधारण तासाभराचा. इस्लामपूरला लाइट गेली तर डाव पुरा व्हायला हवा, एवढीच माझी मागणी. अर्ध्या तासाचं मशिन त्यात नापास.

जुन्या लॅपटॉपला बॅटरी मिळते का ते विचारायला पुण्यात तापकीर गल्लीत गेलो. मिळत होती, पण विंडोजचा प्रश्न बॅटरीनं सुटणार नव्हता, म्हणून तो लॅपटॉप आता घरी आईच्या जुन्या गाण्यांसाठी ठेवलाय, इंटरनेट न जोडता. नवे बघायला चिंचवडच्या एका मोठ्या दुकानात. तिथं पुढं उभे असलेले गृहस्थ जीएसटी कमी झाल्यावरून वाद घालत होते. २२ सप्टेंबरला मोठ्या टीव्हींचा आणि एसीचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला खरा, पण लॅपटॉप आधीपासूनच १८ टक्क्यांत होते. त्यांची किंमत कशी उतरणार? विक्रेता हे त्यांना अतिशय शांतपणे समजावत होता. दिवसभरातला त्याचा तो कितवा वाद असेल कोण जाणे.

आमच्याकडं वळून त्यानं भाच्याला विचारलं, "सर, कोणता गेम?"

भाचा म्हणाला, "मावशीला हवाय."

"अच्छा. मॅडम, ऑफिसच्या कामासाठी ना?"

"नाही. खेळायला."

मग त्यानं मुकाट्यानं गेमिंगवाल्या टेबलाकडं नेलं. लाल-हिरवे दिवे लागणारे कीबोर्ड, मोठमोठ्या जाळ्या. भाच्यानं सुचवलेला लॅपटॉप उत्तम होता, यात शंका नाही. वजन अडीच किलोच्या आसपास. मी अडॅप्टर मागितला. तो खोक्यात होता, काढायला विक्रेत्याला कंटाळा आला होता, पण काढला. हातात घेतला तर पाऊण किलोला कमी नसावा. माझ्या पाठीवर आधीच ऑफिसचा लॅपटॉप आणि त्याचा चार्जर असतो. लोणावळा स्टेशनचा जिना, मग कराड स्टेशनवरून गावात, मग लॉजचा दुसरा मजला. पाठ माझी आहे, भाच्याची नाही.

ग्राफिक कार्डाच्या नावात आणखी एक गंमत आहे. आरटीएक्स ४०५० किंवा ४०६० हे नाव सगळ्या लॅपटॉपवर सारखं असलं तरी त्या चिपला किती वीज द्यायची हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो, ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत. म्हणजे दोन दुकानांत दोन लॅपटॉपवर एकच स्टिकर आणि आत जमीन-अस्मानाचा फरक. पातळ, देखणा लॅपटॉप पाहून लोक खूश होतात, तो बहुधा कमी वॉटचा असतो. हा आकडा स्टिकरवर नसतो. कंपनीच्या संकेतस्थळावर, तपशिलाच्या पानात खाली कुठंतरी असतो. विक्रेत्याला तो माहीत नव्हता, पण त्यानं माझ्याबरोबर शोधला, याचं कौतुक.

मग मी त्याला चार्जर काढायला सांगितलं. चालू असलेल्या गेममध्ये प्लग उपसला की काय होतं ते बघण्यासारखं असतं. कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा धाडकन खाली आला. भाच्याचा चेहराही.

आता माझा गेम नेमकं काय मागतो ते सांगायला हवं, कारण माझी निवड त्यावर ठरली. भाच्याच्या व्हॅलोरंटमध्ये एक सर्व्हर असतो, मुंबईत, आणि तोच खरं काय घडलं ते ठरवतो. प्रत्येकाचा लॅपटॉप त्या सर्व्हरशी बोलतो. एखाद्याचा लॅपटॉप रखडला तर तो एकटा मरतो, बाकीचे पुढं जातात. एज ऑफ एम्पायर्सची रीत वेगळी आणि जुनी. १९९७ चा पहिला भाग बनवणाऱ्यांपुढं २८.८ चा मोडेम आणि १६ एमबी मेमरीचं पेंटियम मशिन होतं. पडद्यावर शेकडो तिरंदाज. प्रत्येक तिरंदाज कुठं आहे ते त्या मोडेमवरून पाठवणं अशक्य. म्हणून त्यांनी सैन्य पाठवलंच नाही, फक्त हुकूम पाठवले. "हे दहा जण तिकडं चालले" एवढंच तारेवरून जातं आणि प्रत्येक खेळाडूचा संगणक आपापल्या ठिकाणी पूर्ण लढाई नव्यानं मांडतो. चारही संगणकांवर अगदी तीच लढाई, त्याच क्रमानं.

यात एक सोय आहे आणि एक शिक्षा. सोय अशी की डेटा नगण्य लागतो, फोनच्या इंटरनेटवर निवांत भागतं. शिक्षा अशी की सगळ्यांना बरोबर चालावं लागतं. एकाचा संगणक मागं पडला की चौघांचा खेळ मंदावतो. दिंडीत म्हाताऱ्या माणसाच्या पावलानं सगळे चालतात तसं. जुन्या लॅपटॉपच्या शेवटच्या महिन्यांत ते म्हातारं माणूस मी होते. तासभर झाला, सैन्यं मोठी झाली की मस्कतहून आवाज यायचा, "कोणाचं मशिन आहे रे हे?" सगळ्यांना माहीत असायचं कोणाचं.

तेव्हा मला हवा होता चांगला प्रोसेसर, आणि तो बॅटरीवरही न लंगडणारा. ग्राफिक कार्ड या गेमला किरकोळ पुरतं. हे भाच्याला पटत नव्हतं, म्हणून मी त्याच्याच गेमची कागदोपत्री मागणी काढून दाखवली. व्हॅलोरंटला सेकंदाला साठ फ्रेमसाठी सुचवलेलं कार्ड आहे जीटी ७३०, २०१४ चं. तो म्हणाला, "मावशी, साठ फ्रेमवर कोण खेळतं? एकशेचव्वेचाळीस तरी हवेत." त्याच्या खेळात तो बरोबर आहे. भिंतीआडून डोकं काढणारा माणूस आधी कोणाला दिसतो यावर तिथं सगळं ठरतं. माझे गावकरी मेंढ्या चारतात, त्यांना साठ पुष्कळ.

घेतला तो चौदा इंची, दीड किलोच्या आतला, वेगळं ग्राफिक कार्ड नसलेला. एएमडीचा प्रोसेसर आणि त्यातच बसवलेलं रेडिऑन ७८०एम. या प्रकारात ग्राफिक्स मुख्य मेमरीतूनच वाटा घेतात, म्हणून सोळा जीबीच्या खाली जायचं नाही आणि मेमरी दोन पट्ट्यांत विभागलेली हवी. एकाच पट्टीवर असेल तर गेमचा वेग बराच उतरतो. काही पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डावरच झाळलेली असते, पुढं वाढवता येत नाही. ते आधी विचारून घ्यावं. किंमत पाऊण लाखाच्या आत बसली. भाच्यानं सुचवलेला लाखाच्या जवळ जात होता.

पण माझ्या लॅपटॉपचं मला सगळ्यात भावलं ते भोक. टाइप-सीचं. १०० वॉटचा एकच टाइप-सी चार्जर ऑफिसचा लॅपटॉप, माझा लॅपटॉप आणि फोन, तिघांना पुरतो. मुठीत मावतो. ढिल्या सॉकेटमधून तो लटकत नाही, जड अडॅप्टरचा प्लग त्याच्या स्वतःच्या वजनानं निसटतो. माझ्या लेखी ही एक गोष्ट ग्राफिक कार्डापेक्षा मोठी. भाच्याला ही तुलना करणंच हास्यास्पद वाटतं.

लॉजवरची रीतही आता बसली आहे. वायफायला हात लावायचा नाही. फोन यूएसबी वायरनं लॅपटॉपला जोडून त्याचं इंटरनेट घ्यायचं. फोनचं हॉटस्पॉट वापरलं की फोन तापतो, बॅटरी ढासळते आणि मध्ये आणखी एक हवाई दुवा वाढतो. वायरीनं फोन चार्जही होत राहतो. खोलीत शिरल्यावर खिडकीशी, पलंगाशी, दाराशी असं फिरून पिंग बघते. आकडा लहान असण्यापेक्षा तो स्थिर आहे का ते महत्त्वाचं. साठवर ठाम बसलेला चालतो, वीस आणि तीनशेमध्ये उड्या मारणारा नाही. गेमचे अपडेट कित्येक जीबींचे येतात, ते निघायच्या आदल्या रात्री घरच्या फायबरवर उतरवून घ्यायचे. माउस लागतोच, टचपॅडवर साम्राज्य चालत नाही. आणि एक परीक्षेचं पॅड, शाळेतलं, क्लिपवालं. पलंगावर बसून खेळताना लॅपटॉप त्यावर ठेवायचा. गादीवर ठेवला की खालची जाळी चादरीनं बंद होते, पंखा किंचाळायला लागतो आणि मशिन स्वतःला वाचवायला वेग कमी करतं. पुन्हा मस्कतहून आवाज.

घरी वेगळ्या अडचणी. लोणावळ्यात पाऊस कसा असतो ते भुशी धरणावर एक दिवस येऊन जाणाऱ्यांना कळत नाही. जून ते सप्टेंबर भिंतींना घाम, कपाटातल्या चपलांना बुरशी. लॅपटॉप रोज थोडा वेळ चालू ठेवलेला बरा, त्याच्या ऊबेनं ओल राहत नाही. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकते आणि दर महिन्याला बदलते. वादळी रात्री लाइट जाते. वळवण आणि लोणावळ्याच्या तलावांचं पाणी खोपोलीला उतरवून १९१५ पासून मुंबईला वीज दिली जातेय आणि ते पाणी ज्या पावसाचं, त्याच पावसात आम्ही मेणबत्त्या शोधतो, हा इथला जुना विनोद आहे. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मी लॅपटॉपच्याच दिवशी घेतला. शनिवार-रविवारी पर्यटकांची गर्दी झाली की मोबाइल इंटरनेट रांगतं, तेव्हा घरी लॅनची केबल. नव्या लॅपटॉपला ते छिद्रच नाही, टाइप-सीला लावायचा एक जोड वेगळा घ्यावा लागला. पातळपणाची ही किंमत.

भाच्यानं दिवाळीत त्याला हवा तोच घेतला, चार दिव्यांचा, अडीच किलोचा. तो त्याच्या टेबलावर असतो, तिथून हलत नाही, आणि तिथं तो माझ्यापेक्षा दुप्पट चांगला चालतो. त्याला तोच योग्य होता.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा अडॅप्टर खोक्यातून काढायला लावा आणि लॅपटॉपसकट पाठीवर घेऊन बघा. मग आपला गेम लावा, पाच मिनिटं चालू द्या आणि प्लग काढा. दुकानदार नको म्हणाला तर पुढचं दुकान बघा.